मुळशी, घुग्घुस आणि उद्याची वीज

२६ ऑगस्ट २०२२ ची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एका घराला हादरे बसू लागले, तशी आतली माणसं जीव मुठीत धरून बाहेर पळाली. बघता बघता ते अख्खं घर संसारासकट जमिनीत गेलं. साठ-सत्तर फूट खाली. वर उरला तो एक खड्डा आणि त्याच्या कडेला जमलेली, पुढे पाऊल टाकायला धजावत नसलेली गर्दी. जीवितहानी झाली नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. वस्तीच्या पोटात जुनी भूमिगत कोळसा खाण होती. कोळसा काढून झाला होता, खाण बंद होऊन जमाना लोटला होता, खालची पोकळी मात्र तशीच राहिली होती. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या दीडशेच्या आसपास कुटुंबांना घरं सोडावी लागली.

त्या पोकळीतला कोळसा कधीच जळून गेला. कोणाच्या इंजिनात, कोणाच्या बॉयलरमध्ये, हे आज कोणी सांगू शकणार नाही. ज्यांनी तो वापरला त्यांनी त्याचे पैसे त्याच वेळी चुकते केले आणि विषय संपला. आमराई वॉर्डातल्या माणसांपर्यंत त्याचं उरलेलं बिल दोन-तीन पिढ्यांनंतर येऊन पोचलं.

कोळसा आणि तेल सोडून दुसऱ्या ऊर्जेकडे जाण्याची चर्चा सध्या जोरात आहे. त्या चर्चेत मेगावॉट असतात, तापमानाचे आलेख असतात, उद्दिष्टांची वर्षं असतात. उरलेलं बिल कोणाच्या दारात जाणार, हा प्रश्न सहसा शेवटच्या पानावर जातो. खरं तर सगळं घोडं तिथेच अडतं. ऊर्जा बदलण्याचा हा खटाटोप महाराष्ट्राने एकदा करून पाहिलेला आहे आणि त्या वेळचा हिशेब अजून मिटलेला नाही.

आधी मर्यादेबद्दल. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन खडकांतला, पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. वरोरा म्हटलं की आज आनंदवन आठवतं, पण एके काळी वरोऱ्याची ओळख कोळशाची होती. १८७० च्या दशकात इंग्रज सरकारने तिथे खाण सुरू केली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा टाकला. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ती खाण बंद झाली. म्हणजे खाण संपणं हा प्रकार या जिल्ह्याला नवा नाही. वरोरा आटोपलं, बल्लारपूर सुरू झालं. मग घुग्घुस, माजरी, राजुरा, सास्ती, दुर्गापूर, पद्मापूर. खाण पुढे सरकत राहिली, मागे बोळकी झालेली जमीन राहिली.

पुढे भूमिगत खाणी परवडेनाशा झाल्या आणि उघड्या खाणींचा जमाना आला. वरची माती, दगड, मुरूम बाजूला काढायचा आणि खालचा कोळसा उचलायचा. बाजूला काढलेल्या त्या मातीला खाणीतली माणसं ‘ओबी’ म्हणतात. चंद्रपूरहून घुग्घुसकडे किंवा राजुऱ्याकडे निघालं की सपाट प्रदेशात मधेच उगवलेले जे डोंगर दिसतात ते या ओबीचे. इरई आणि वर्धा नदीकाठची गावं पूर वाढल्याचं खापर या ढिगांवर फोडतात, कारण पावसात त्यांची माती धुपून थेट पात्रात उतरते. कोळसा जसजसा खोल जातो तसतसा टनामागे काढावा लागणारा हा दगडमातीचा भार वाढत जातो. कोळशाची मर्यादा अशी दिसते. साठा एका दिवशी संपत नाही, प्रत्येक टन आधीच्या टनापेक्षा जास्त जमीन, जास्त डिझेल आणि जास्त गावं मागू लागतो.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. सगळे संच भरात चालवायचे तर दिवसाला चाळीस-पन्नास हजार टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीचे दहा-बारा रेक. एक युनिट विजेमागे साधारण सातशे ग्रॅम कोळसा जळतो आणि इथल्या कोळशात राखेचं प्रमाण मोठं असल्यामुळे त्यातली दोन-अडीचशे ग्रॅम राख मागे उरते. पुण्यात किंवा ठाण्यात एखाद्या घरात महिन्याला कोळशाच्या विजेची दोनशे युनिट जळत असतील, तर त्यापायी चाळीस-पन्नास किलो राख दर महिन्याला कुठेतरी साचत असते. चंद्रपूरकरांना ती कुठे साचते ते माहीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर चौथा क्रमांक चंद्रपूरचा लागला होता.

आणि कोळसा संपण्याआधी दुसरंच काहीतरी संपतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण तळाला गेलं आणि चंद्रपूरचे संच एकामागून एक बंद ठेवावे लागले. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून पूर्ण थांबलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी नव्हतं. मराठवाड्यात टँकरने पिण्याचं पाणी चालू असताना वीज केंद्राला पाणी मागायची कोणाची छाती होणार?

तेलाची गोष्ट समुद्रातली, म्हणून ती डोळ्यांआड राहते. ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या खोदकाम मंचाने १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झाले होते, त्यामुळे ‘बॉम्बे हाय’ हे नाव त्या पिढीला दिवाळीच्या बातमीसारखं गोड वाटलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९८५ च्या सुमारास ते दिवसाला ४,७०,००० पिंपांच्या वर गेलं होतं. २०२४ मध्ये ते १,३४,००० पिंपांच्या आसपास होतं. क्षेत्र आटलेलं नाही, अजून तेल येतं. पण खाली पाणी सोडून, नव्या विहिरी खणून, जुन्या नळ्या बदलून ते काढावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने उतार थोपवण्यासाठी ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीची मदत घ्यायचं ठरवलं. देशात लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के आज बाहेरून येतं. पेट्रोल पंपावरच्या प्रत्येक दहा लिटरमागे जेमतेम सव्वा लिटर आपल्या जमिनीतलं, आपल्या समुद्रातलं.

देशाचं चित्र दुहेरी आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताचं कोळसा उत्पादन पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या पुढे गेलं. आणि २०२५ च्या मध्यावर देशाच्या एकूण स्थापित वीज क्षमतेत कोळसा, तेल, वायू यांच्याबाहेरच्या स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य संध्याकाळी मावळतो, वारा पडतो, कोळशाची भट्टी मात्र चोवीस तास धगधगत राहते. त्यामुळे प्रत्यक्षात वापरलेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अजून कोळशाचीच असते. बदल सुरू झाला आहे, पण त्याचा मोठा आणि अवघड भाग अजून पुढे आहे.

म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचं प्रकरण उघडून बघायला हवं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत ऐंशीच्या वर कापड गिरण्या होत्या आणि त्या कोळशाच्या वाफेवर चालत. मुंबईजवळ कोळसा नव्हता. तो बंगालमधून, कधी थेट इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेतून यायचा. महाग पडायचा, वेळेवर मिळायचा नाही आणि परळ-लालबागवर धुराचं छत धरायचा. धूर इतका वाढला की १९१२ मध्ये मुंबईसाठी धूर-उपद्रवाचा कायदा करावा लागला. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस अडवून त्याची वीज करायची आणि गिरण्या त्यावर चालवायच्या, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतल्या वास्तुविशारदाने मांडली, जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. त्यांच्या मुलांनी काम पुढे नेलं. १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीतून मुंबईला वीज सुरू झाली. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून सुमारे सव्वापाचशे मीटर खाली खोपोलीत कोसळतं आणि त्या नुसत्या पडण्याच्या जोरावर चक्रं फिरतात. धूर नाही, राख नाही, आयात नाही. कोळशाला इतका देखणा पर्याय त्या काळात जगात फार थोड्या शहरांना मिळाला असेल.

पहिल्या महायुद्धात जहाजं अडकली, कोळसा आणखी महागला आणि पाण्याच्या विजेची मागणी वाढली. मग टाटांची नजर मुळशीवर गेली. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं, पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात भिऱ्याला सोडायचं. धरणाखाली जाणार होतं मुळशी पेटा, मावळ्यांचं, आंबेमोहराच्या भाताचं खोरं. गावं पन्नासच्या वर, माणसं हजारोंनी. जमीन संपादनाचा १८९४ चा कायदा हाताशी होताच. खासगी कंपनीसाठी सरकारने जमीन घ्यायला सुरुवात केली, तीही लोकांना धड नोटीस न देता.

१९२१ च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची शपथ. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ हे बिरुद मिळालं ते इथेच. तुरुंगवास, फटके, जप्त्या सगळं झालं. पण लढा आतूनही पोखरला गेला. खोऱ्यातली बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती आणि त्यांना जमिनीपेक्षा नुकसानभरपाईची रक्कम प्यारी होती. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यास केला, त्यात ही फूट ठळकपणे दिसते. कसणाऱ्याकडे कागद नव्हता, कागदवाल्याला कसायचं नव्हतं. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणावर मजूर नेणारी गाडी अडवली, त्यांना मोठी शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ मध्ये भिरा केंद्रातून वीज सुरू झाली.

धरण झालं, गिरण्या चालल्या, मुंबई उजळली. ज्यांची शेतं बुडाली त्यातली कित्येक कुटुंबं वर डोंगराच्या कडेला सरकून राहिली. समोर अथांग पाणी आणि पायाखालची जमीन आपल्या नावावर नाही, ही तक्रार मुळशीच्या धरणकाठच्या गावांतून आजही ऐकू येते. भीमा खोऱ्याचं पाणी पश्चिमेकडे वळवल्याचा वादही दर दुष्काळात नव्याने पेट घेतो. सोलापूरची जमीन तडकली की टाटांच्या धरणांचं पाणी पूर्वेला सोडा, ही मागणी होतेच.

मुळशीची वीज कोळशापेक्षा स्वच्छ होती, यात शंका नाही. तिच्यामुळे किती कोळसा जळायचा वाचला असेल! पण स्वच्छ वीज म्हणजे आपोआप न्याय्य वीज, हे समीकरण तिथेच मोडलं आणि ते मोडल्याची आठवण आज सौर आणि पवन प्रकल्पांच्या प्रत्येक फायलीवर असायला हवी.

याच्या उलट उदाहरण जर्मनीतलं. ऱ्हूर हा तिथला कोळशाचा आणि पोलादाचा पट्टा. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे सहा लाख माणसं काम करत होती. पुढच्याच वर्षी संकट सुरू झालं. स्वस्त आयात कोळसा आणि स्वस्त तेल बाजारात आलं आणि ऱ्हूरचा खोल खाणीतला कोळसा विकेनासा झाला. शेवटची खाण, बोट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल, बंद झाली २१ डिसेंबर २०१८ ला. खाणीतून वर आणलेला शेवटचा कोळशाचा तुकडा कामगारांनी राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हातात ठेवला. १९५८ ते २०१८, साठ वर्षं! एवढा वेळ एक उद्योग आवरायला दिला गेला.

ही साठ वर्षं आपोआप मिळाली नाहीत. कामगार संघटनांनी रस्त्यावर उतरून ती मिळवली. १९६८ मध्ये बहुतेक खाणी एका कंपनीखाली आणल्या गेल्या. एक खाण बंद झाली की तिथले कामगार दुसऱ्या चालू खाणीत सामावून घ्यायचे, पन्नाशीला आलेल्यांना निवृत्तिवेतनापर्यंत पोचवणारा भत्ता द्यायचा, तरुणांना दुसरा धंदा शिकवायचा, अशी पद्धत बसली. ज्या पट्ट्यात विद्यापीठ नव्हतं तिथे १९६५ मध्ये बोखुमचं विद्यापीठ सुरू झालं, मग डॉर्टमुंडचं. २००७ मध्ये सरकार, कंपनी आणि संघटना यांनी मिळून शेवटचं वर्ष ठरवलं, अकरा वर्षं आधी. अठरा वर्षांच्या पोराला खाणीत जायचं की नाही, हे त्या तारखेकडे बघून ठरवता आलं.

घुग्घुसच्या खड्ड्याचं उत्तरही ऱ्हूरमध्ये आहे. दीडशे वर्षांच्या खाणकामामुळे तिथली जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त खचली आहे. पंप बंद केले तर शहरांचे मोठे भाग पाण्याखाली जातील. म्हणून भूजल उपसत राहायचं, कायमचं. या खर्चासाठी वेगळं प्रतिष्ठान स्थापन झालं, त्याच्याकडे खाण कंपनीचे समभाग आणि गुंतवणूक दिली गेली आणि २०१९ पासून उपशाचा आणि जमिनीच्या देखभालीचा खर्च तिथून होतो. कोळसा जळून गेल्यावरचं बिल ज्यांच्या दारात जाऊ शकलं असतं, त्यांच्या दारात ते जाऊ नये, याची तजवीज आधी करून ठेवली.

ऱ्हूर स्वर्ग झाला, असं मात्र नाही. गेल्झेनकिर्शेनमध्ये आजही बेकारी जर्मनीतल्या सर्वांत जास्त शहरांच्या यादीत आहे. अब्जावधी युरोंचं अनुदान खर्ची पडलं आणि जर्मनी लिग्नाइट जाळतोच आहे, ते थांबवायला २०३८ ची मुदत आहे. पण शेजारच्या ब्रिटनशी ताडून पाहिलं की फरक कळतो. तिथे मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर खाण कामगारांचा संप झाला, सरकारने तो मोडला आणि त्यानंतर खाणी भराभर बंद होत गेल्या. साउथ वेल्स, यॉर्कशायर, डरहॅम इथल्या खाणगावांचा रोजगार एकाच पिढीत गेला. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे ब्रिटनचं शेवटचं कोळसा वीज केंद्र बंद झालं. हवेच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्या खाणगावांतली गरिबी चाळीस वर्षं झाली तरी हटलेली नाही.

महाराष्ट्रात आज जी हालचाल आहे ती शेतीच्या विजेत आहे आणि तिच्याकडे शहरी माणसाचं लक्ष कमी आहे. राज्यात पंचेचाळीस लाखांच्या आसपास कृषिपंप. त्यांना वीज मिळायची ती पाळीने, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रपाळीचा आठवडा म्हणजे काय, ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. रात्री बाराला लाइट येणार म्हणून घरातला एक माणूस जागा राहायचा. लाइट आली की हातात बॅटरी आणि काठी घेऊन मळ्यात जायचं, मोटर चालू करायची, मग दारं धरायची, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवत पहाटेपर्यंत चिखलात उभं राहायचं. उसात बिबट्या, बांधाला साप, ओल्या हातात स्टार्टर. या कामात माणसं मेली आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीत शेतकरी नेते राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठाण मांडून बसले ते याच कारणाने. दिवसा दहा तास वीज द्या, एवढीच मागणी.

या दुखण्यावर सूर्याचा उपाय सरळ आहे. सूर्य दिवसाच असतो. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, पहिले प्रयोग राळेगणसिद्धीत आणि यवतमाळच्या कोळंबीत झाले. २०२३ मध्ये ती नव्याने मांडली गेली. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज थेट कृषी वाहिनीला जोडायची आणि शेतीला दिवसा पुरवठा करायचा. या विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. लांबच्या केंद्रातून आणून वाहिन्यांमधली गळती सोसून दिलेल्या विजेच्या मानाने हा दर फारच कमी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्यापायी राज्य सरकारवर वर्षाला साधारण १४,७६० कोटी रुपयांचा बोजा पडतो, हे ध्यानात घेतलं तर तिजोरीलाही हा मार्ग सोयीचा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या वैजापूर तालुक्यात ढोंदलगावला या नव्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, अवघा तीन मेगावॉटचा. पुढे १६,००० मेगावॉटचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. कोळशाचं केंद्र एका जिल्ह्यावर सगळा भार टाकतं, इथे भार शेकडो गावांत वाटला जातो. ही मांडणी चांगली आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं.

जमिनीची अटही मुळशीच्या काळापेक्षा पुढची आहे. शेतकऱ्याने जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. सात-बारा त्याच्याच नावावर राहतो. कोरडवाहू, खडकाळ जमिनीच्या मालकाला हा व्यवहार पटतो, कारण त्या जमिनीत पाऊस रुसला तर तूरसुद्धा धड पदरात पडत नाही.

पण बरेच प्रकल्प उभे राहतात ते सरकारी जमिनीवर, म्हणजे बहुतेकदा गायरानावर. गायरान कागदावर रिकामं असतं. प्रत्यक्षात तिथे कोणाची तरी शेळ्या-मेंढ्यांची चराई असते, कोणी भूमिहीन दलित किंवा पारधी कुटुंब दोन पिढ्या तुकडा कसत असतं. कोणाकडे पावती असते, कोणाकडे तीही नसते. भाडं मिळतं ते सात-बारावर नाव असलेल्याला. गायरान कसणाऱ्याला, तिथे गुरं सोडणाऱ्याला काय, याचं उत्तर योजनेच्या कागदात नाही. मुळशीत कूळ आणि सावकार यांच्यात जो कागदाचा फरक पडला, तोच इथे पुन्हा पडतो आहे आणि ही गोष्ट आत्ता, खांब रोवायच्या आधीच दुरुस्त करता येण्यासारखी आहे. प्रकल्पापोटी गावाला मिळणाऱ्या रकमेतला ठरावीक वाटा चराई गमावणाऱ्यांसाठी राखायला कायद्याची अडचण नाही, ग्रामसभेच्या ठरावाची आणि त्यामागे उभ्या राहणाऱ्या तहसीलदाराची गरज आहे.

जमिनीचा भाव ठरवताना हलगर्जी झाली तर काय होतं, ते धुळे जिल्ह्याने दाखवलं आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील. दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली. आधी औष्णिक प्रकल्प ठरला होता, पुढे तिथे सौर प्रकल्पाची आखणी झाली. त्यांच्या जमिनीत विहीर होती, आंब्याची झाडं होती. मोबदला मिळाला सुमारे चार लाख, शेजारच्यांना कितीतरी पट जास्त. ऐंशी ओलांडलेला तो माणूस वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिला आणि २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात त्याने विष घेतलं. सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर फेरमूल्यांकनाची चक्रं फिरली. पंचनामा करताना झाडं मोजली असती, तर हे घडलं नसतं.

सौर विजेची आणखी एक अडचण संध्याकाळची आहे. सहा वाजता पॅनेल मलूल होतात आणि त्याच वेळी राज्यातल्या घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे, मिक्सर सुरू होतात. दुपारची जास्तीची वीज संध्याकाळसाठी कुठेतरी साठवायला हवी. बॅटऱ्या आहेत, स्वस्तही होत आहेत, पण मोठ्या साठ्यासाठी सह्याद्रीत दुसरी सोय आहे. अकोले तालुक्यातलं घाटघर. २००८ मध्ये सुरू झालेला २५० मेगावॉटचा हा उदंचन प्रकल्प. डोंगरमाथ्यावर एक जलाशय, खाली शहापूरच्या बाजूला दुसरा. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, वीज कमी पडते तेव्हा तेच पाणी खाली सोडून चक्रं फिरवायची. तीच यंत्रं एकदा पंप होतात, एकदा जनित्र. पाणी खर्च होत नाही, वर-खाली येत-जात राहतं. वर चढवताना जेवढी वीज लागते त्यातली पाव ते पंचमांश वाया जाते. पण दुपारी तीन रुपयांची असलेली वीज संध्याकाळी कितीतरी महाग असते, म्हणून व्यवहार परवडतो. घाटघर बांधलं तेव्हा पाणी रात्रीच्या कोळशाच्या विजेवर वर चढवायचं होतं. उद्या ते दुपारच्या उन्हावर चढेल.

राज्य सरकारने असे प्रकल्प उभारायला अनेक कंपन्यांशी करार केले आहेत. त्यातला २०२३ चा एक करार टाटांशी आहे. शिरवटा १,८०० मेगावॉट आणि भिवपुरी १,००० मेगावॉट. शिरवट्याचा तलाव लोणावळ्याजवळचा, खोपोलीच्या पहिल्या योजनेतला. भिवपुरीचं केंद्र १९२२ मधलं. म्हणजे शंभर वर्षांनी तोच डोंगर, तेच पाणी, तीच उंची पुन्हा कामाला येणार आहे. जुने तलाव वापरले तर नवं बुडीत कमी होतं, ही त्यातली जमेची बाजू. बाकीच्या अनेक प्रस्तावांत मात्र घाटमाथ्यावर नवे जलाशय आहेत, नवं जंगल जाणार आहे आणि खाली-वर वसलेल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांना त्यांची माहिती सर्वेक्षणाची गाडी आल्यावरच कळते. जनसुनावणी मराठीत, वाडीवर, कामाच्या हंगामाबाहेर व्हायला हवी. एवढी साधी गोष्टही भांडून मिळवावी लागते, हे दुःखाचं आहे.

आता पुन्हा चंद्रपूर. सौर विजेने बाकी कितीही प्रश्न सोडवले तरी रोजगाराचा तिढा ती सोडवत नाही. कोळशाच्या केंद्रावर कायम कामगारांच्या बरोबरीने हजारो कंत्राटी माणसं असतात. कोळसा उतरवणारी, पट्ट्यांवरून पडलेला कोळसा भरणारी, राख वाहणारी. त्यांच्या जोडीला ट्रकवाले, टायरवाले, खानावळी, खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकिणी. सौर प्रकल्प उभारताना माणसं लागतात, उभा राहिल्यावर गवत कापायला, पॅनेल धुवायला आणि राखण करायला मोजकीच. घुग्घुस-दुर्गापूरच्या माणसाला वैजापूरच्या उन्हाचा उपयोग नाही.

चंद्रपूरचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच आधीच निवृत्त झाले आहेत. तिसरा आणि चौथा १९८० च्या दशकातले. पाच, सहा, सात नव्वदच्या दशकातले. सगळ्यांत नवे आठ आणि नऊ २०१६ मधले. वीज संचाचं आयुष्य पंचवीस वर्षांचं धरलं तर तेही २०४१ च्या सुमाराला मुदतीला येतात. आज चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स करणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तेव्हा पस्तिशीच्या आत असेल, संसाराच्या ऐन भरात. तो ज्या बॉयलरची कामं शिकतो आहे, त्या बॉयलरच्या बंद होण्याचा काळ आजच अंदाजाने सांगता येतो. ऱ्हूरच्या तरुणांना मिळाली तशी लेखी तारीख मात्र त्याच्यापुढे कोणी ठेवलेली नाही.

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणग्रस्त जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाण कंपन्यांनी स्वामित्वधनाबरोबर त्यात भर घालायची आणि ती रक्कम खाणीने पोळलेल्या गावांसाठी, पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर, कौशल्यावर खर्च करायची. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या जिल्ह्यात ही रक्कम मोठी जमते. आजवर तिचा बराच भाग रस्ते, इमारती, सभागृहं यांत गेल्याची तक्रार आहे. यातला ठरावीक हिस्सा बाजूला काढून त्यातून तीन कामं करता येतील. खाणीच्या पोकळीवर वसलेल्या वस्त्यांची भूगर्भ तपासणी आणि गरज असेल तिथे सन्मानाने पुनर्वसन. कंत्राटी कामगारांची नावनिशीवार नोंद, कारण ज्याची नोंदच नाही त्याला भत्ता कोणत्या नावाने देणार? आणि संच बंद होण्याच्या वर्षांचं जाहीर वेळापत्रक, जे शाळेच्या फळ्यावर लिहिता येईल इतकं स्पष्ट असेल.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं आहे. चंद्रपूरच्या संचांची मुदत त्याच्या जवळपास तीस वर्षं आधीच संपते. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या नियामक मंडळावर खासदार, आमदार बसतात आणि खर्चाचा आराखडा तिथेच मंजूर होतो. घुग्घुसच्या विस्थापित कुटुंबांचा, राख वाहणाऱ्या कंत्राटी कामगारांचा आणि आयटीआयमधल्या पोरांचा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर घालायला मुंबईची किंवा दिल्लीची परवानगी लागत नाही.